सॅक पाठीवर टाकून सुरिनामला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दक्षिण अमेरिकेला जायचं ठरवणारे आपल्याकडचे भटके पेरूचा नकाशा उघडतात, नाही तर ब्राझीलचा. खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर, गयाना आणि फ्रेंच गयाना यांच्या मधोमध असलेलं सुरिनाम फारसं कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण निम्मं. लोकवस्ती कोल्हापूर शहरापेक्षा थोडीच जास्त, सहा लाखांच्या घरात, आणि त्यातली बहुतेक माणसं किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात राहतात. पट्ट्याच्या दक्षिणेला जंगल सुरू होतं ते थेट ब्राझीलच्या सीमेपर्यंत. देशाची ९० टक्क्यांहून जास्त जमीन आजही जंगलाखाली आहे आणि त्या जंगलात शिरणारे रस्ते फार थोडे. रस्ता संपला की पुढे नदी हाच रस्ता.

एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की सुरिनामचा बेत आखणं सोपं जातं. कोणत्या महिन्यात जायचं, सॅकमध्ये काय भरायचं, रोख किती ठेवायची, कुठे किती मुक्काम करायचा, हे सगळं नदी ठरवते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे कळलं नव्हतं. दहा दिवसांतले सात राजधानीत आणि आजूबाजूला घालवले, नदीला उरलेले तीन दिले. परतताना फार चुटपुट लागली. दुसऱ्या खेपेला नेमकं उलटं केलं, आणि आता कुणी विचारलं की पहिलं तेच सांगतो: निम्मे दिवस नदीसाठी राखून ठेवा, मग बाकीचं बघा.

आधी महिना ठरवा

सुरिनाम विषुववृत्ताजवळ आहे. तापमान वर्षभर आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखं, दमट आणि घामट. फरक पडतो तो पावसाचा. मोठा पाऊस एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, छोटा पाऊस डिसेंबर-जानेवारीत. मधल्या काळात उघाडी.

मोठी उघाडी ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चालते. जंगलातल्या पायवाटा तेव्हा कोरड्या असतात, पण जसजसा ऑक्टोबर-नोव्हेंबर येतो तसतशी नदी उतरत जाते, खडक वर येतात आणि होडीला वेळ लागतो. म्हणून माझी पहिली पसंती ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर. दुसरी पसंती फेब्रुवारी-मार्च. या दिवसांत पाऊस कमी असतो, पूर्वेकडच्या गालीबी गावाच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येऊ लागलेली असतात आणि बहुतेकदा फगवाही त्याच सुमाराला येतो. फगवा म्हणजे आपली होळी-धुळवड. तिथे ती राष्ट्रीय सुट्टी आहे आणि सगळ्या जातिधर्मांची माणसं रंग खेळतात. दिवाळीलाही सुट्टी असते, ईदलाही.

पिवळ्या तापाची लस: हे काम लांबणीवर टाकू नका

कागदपत्रांत लोकांचं सगळं लक्ष व्हिसावर असतं आणि लस शेवटच्या आठवड्यासाठी राहते. अडकायला होतं ते इथेच.

सुरिनाम पिवळ्या तापाच्या पट्ट्यात येतं. त्या पट्ट्यातून भारतात परतणाऱ्याकडे लसीकरणाचा आंतरराष्ट्रीय दाखला नसेल तर त्याला विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवतात, सहा दिवसांपर्यंत. दाखला ग्राह्य धरला जातो तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात टोचून घेऊन उपयोग नाही. शिवाय ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथले वार ठरलेले असतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. निदान सहा आठवडे आधी तारीख घ्या. जाताना मूळ पासपोर्ट लागतो, कारण दाखल्यावर त्याचा क्रमांक लिहितात. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, त्यामुळे दाखल्याचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टइतकंच जपा.

वय साठच्या पुढे असेल, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ही जिवंत विषाणूची लस आहे, तिच्याबाबत अंदाजपंचे काही करू नका.

मलेरियाची मात्र चांगली बातमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली सुरिनामला मलेरियामुक्त जाहीर केलं. अ‍ॅमेझॉनच्या परिसरातला असा हा पहिलाच देश. डेंग्यू मात्र आहे, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम हवंच.

व्हिसा आणि विमान

प्रवेशाचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. म्हणून कुणा ओळखीच्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका. दिल्लीत सुरिनामचा दूतावास आहे, तिथे किंवा सरकारी व्हिसा संकेतस्थळावर स्वतः खात्री करून घ्या आणि मगच तिकीट काढा.

भारतातून थेट विमान नाही. सगळ्यात सरळ वाट अ‍ॅम्स्टरडॅमवरून. सुरिनाम १९७५ च्या २५ नोव्हेंबरला स्वतंत्र झालं, त्याआधी ते डचांच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिकडून रोजच्यासारखी ये-जा आहे. अ‍ॅम्स्टरडॅम ते राजधानी पारामारिबो सुमारे नऊ तास. पनामावरूनही जाता येतं. अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो, भले तुम्ही विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसाल. कोणत्याही वाटेनं जा, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. पहिलं उशिरा पोहोचलं तर दुसऱ्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते.

विमानतळ झांडेरायला आहे, पारामारिबोच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर. मुक्कामाच्या ठिकाणाला आधी कळवलं तर ते गाडी पाठवतात, नाही तर सामायिक गाड्या मिळतात. बाहेर आल्यावर घरच्यासारखं वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे वाहतूक डावीकडून चालते. या खंडावर असं फक्त सुरिनाम आणि गयानात आहे. घड्याळ साडेआठ तास मागे घ्या.

पैसे

चलन सुरिनामी डॉलर. शहरात एटीएम आहेत, पण परदेशी कार्ड प्रत्येक यंत्रात चालेलच असं नाही. माझं एक कार्ड पहिल्या दोन ठिकाणी नाकारलं गेलं, तिसऱ्या ठिकाणी चाललं. निघण्यापूर्वी बँकेत परदेशातले व्यवहार सुरू करून घ्या आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा. त्याहून भरवशाचं म्हणजे रोख युरो. पैसे बदलून देणाऱ्या दुकानांना तिथे काम्बियो म्हणतात, ती शहरभर आहेत. जंगलातल्या लॉजचे दर बऱ्याचदा युरोतच सांगतात.

आता नदीचा भाग. एकदा होडीत बसलात की वर गावांत एटीएम नाही. होडीचं भाडं, लॉज, जेवण, वाटाड्या, किराणा दुकानातला बिस्किटाचा पुडा, सगळं रोख. जितके दिवस वर राहणार त्याच्या हिशोबाला दोन दिवसांचे जादा पैसे जोडा, सुट्या नोटांत, आणि ते प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

सॅक भरताना

चाळीस लिटरची सॅक भरपूर झाली. होडी अरुंद असते, सामान तळाला किंवा नाकाशी रचतात आणि उसळीत त्यावर पाणी येतंच. सॅकवर चढवायचं ते नेहमीचं पावसाळी कव्हर इथे कामाचं नाही, कारण पाणी खालून येतं. आत एक मोठी ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न शिरणारी पिशवी, घालून तिच्यात सगळं भरा. माझ्या पहिल्या खेपेला कपडे, वही, पांघरूण सगळं भिजलं, आणि त्या दमट हवेत वही चार दिवस वाळली नाही.

बाकी यादी छोटी आहे. हलका हॅमॉक आणि त्याची मच्छरदाणी. वरच्या गावांत खाटेपेक्षा हॅमॉक टांगायची जागा स्वस्तात मिळते. रात्री गावात दिवे नसतात म्हणून हेडटॉर्च. खडकावर घसरणार नाहीत अशा पट्ट्याच्या चपला, कारण स्लिपर पाण्यात वाहून जाते. वीज १२७ व्होल्टची आहे. मोबाइलचा चार्जर चालतो, पण आपली इस्त्री किंवा पाणी तापवायची कांडी नीट चालणार नाही, ती नेऊ नका. सॉकेट युरोपियन, गोल दोन पिनांचे. पॉवर बँक मोठी घ्या.

शाकाहारी असाल तर शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट असं बंद पाकिटातलं काहीतरी घ्या आणि विमानतळावर खाण्याचे पदार्थ विचारले तर सरळ सांगा. शहरात अडचण नाही, नदीवर तेच कामाला येतं.

पारामारिबोत तीन दिवस

जुनं शहर लाकडाचं आहे. डच काळातली पांढरी घरं, हिरव्या खिडक्या, विटांचे पाये. २००२ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नदीकाठचा रस्ता वाटरकांत, तिथून झेलांडिया किल्ला, मागची पाम झाडांची बाग, लाकडी कॅथेड्रल, हे सगळं पायी एका सकाळीत होतं. कायझरस्ट्राटवर मशीद आणि यहुद्यांचं प्रार्थनास्थळ एकाच कुंपणाला लागून उभी आहेत. आत जायचं असेल तर आधी वेळ विचारून घ्या.

रविवार असेल तर सकाळी लवकर उठून स्वातंत्र्य चौकात जा. माणसं आपापले पिंजरे घेऊन आलेली असतात आणि गाणाऱ्या पक्ष्यांची स्पर्धा चालू असते. दोन पिंजरे काठ्यांवर शेजारी शेजारी ठेवतात, कोणता पक्षी किती वेळा गातो ते मोजणारे समोर उभे राहतात आणि बाकी सगळे श्वास रोखून गप्प. मी तिथे तासभर उभा होतो, कुणी साधं खोकललंही नाही.

शहरातल्या खासगी मिनीबस आवर्जून बघा. प्रत्येक मालक आपली बस रंगवून घेतो, आणि कितीतरी बसच्या पाठीवर आपले हिंदी सिनेमातले नट-नट्या असतात.

याचं कारण इतिहासात आहे. डच वसाहतींत गुलामगिरी १८६३ साली संपली, पण सुटलेल्या माणसांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर सक्तीनं राबवलं. ती मुदत संपली त्याच वर्षी, ५ जून १८७३ रोजी, कलकत्त्याहून निघालेलं लल्ला रुख नावाचं जहाज सुरिनामला लागलं. १९१६ पर्यंत अशी चौसष्ट जहाजं आली आणि चौतीस हजारांवर गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, उतरले, बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. त्यांच्या भोजपुरी-अवधीतून तिथे सरनामी ही भाषा घडली. त्यांच्यानंतर १८९० पासून जावा बेटावरून मजूर आले. शहरात आज हिंदुस्तानी, जावानीज, क्रिओल, चिनी आणि जंगलातून आलेले मरून (मळ्यांवरून पळालेल्या गुलामांचे वंशज), सगळे एकत्र राहतात. सरकारी भाषा डच, रस्त्यावरची बोली स्रानान. शहरात इंग्रजीवर बरंच भागतं.

तुमची हिंदी थोडी सावकाश बोललात तर चालते, विशेषतः वयस्कर माणसांशी. एका रोटीच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना मी सवयीनं ‘आजी’ म्हणालो. त्या चमकल्याच. सरनामीतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, आणि आजोबांना आजा. ‘तुम्हार गाँव में भी आजी बोले हैं?’ त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, मग त्यांनी आतून सुनेला बोलावून मला पुन्हा ‘आजी’ म्हणायला लावलं.

काय खायचं

रोटी म्हणजे तिथे पूर्ण जेवण. मोठी मऊ पोळी, आत भरडलेल्या डाळीचा पातळ थर, सोबत मसाल्याचा बटाटा, चवळीच्या लांब शेंगांची भाजी (त्यांना काउसेबांट म्हणतात), कोंबडी आणि एक उकडलेलं अंडं. हातानंच खातात. शाकाहारी असाल तर ‘झोंडर किप, झोंडर आय’ म्हणा, म्हणजे कोंबडी नको, अंडं नको. मिरची बाजूला देतात. ती मादाम जानेत जातीची पिवळी मिरची असते. तिखट खायची कितीही सवय असू द्या, पहिल्यांदा नखाएवढीच घ्या.

बारा मिळतो, तो डाळीच्या पिठाचा, भोकाचा वडा. जावानीज खाणावळींना वारुंग म्हणतात, ब्लाउग्रोंट भागात त्यांची रांग आहे. तिथलं सावतो नावाचं कोंबडीचं सूप आणि शेंगदाण्याच्या सारात बुडवून खायची तळलेली केळी चुकवू नका. शेंगदाण्याला तिथे पिंडा म्हणतात आणि तो सुपापासून लाडवापर्यंत सगळीकडे असतो. शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेचाच, आपल्या कुटाची मूळ गावी भेट होते म्हणा.

कोमेवाइनेत सायकल

चौथा दिवस नदीपलीकडच्या कोमेवाइने जिल्ह्याला द्या. शहरात सायकल भाड्यानं घ्या, ती घेऊन धक्क्यावर या आणि छपराच्या छोट्या होडीतून सुरिनाम नदी ओलांडून मेरझोर्खला उतरा. सगळा प्रदेश सपाट आहे, कालव्याच्या कडेकडेनं रस्ते आहेत, त्यामुळे दमछाक होत नाही. ऊन मात्र कडक. सकाळी सातला निघा.

पेपरपॉट हा जुना कॉफी-कोकोचा मळा आता राखीव जंगल झालाय. आतली वाट सरळ आणि सावलीची, लहान माकडं दिसतात. पुढे नदीसंगमावर न्यू अ‍ॅम्स्टरडॅमचा अठराव्या शतकातला किल्ला. आणि मारियेनबुर्खचा साखर कारखाना. १८८२ साली सुरू झालेला हा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला; आज त्याची यंत्रं गंजून झाडांच्या मुळांत अडकली आहेत. १९०२ च्या जुलैत मजुरीच्या वादावरून इथल्या हिंदुस्तानी मजुरांनी उठाव केला, व्यवस्थापकाला मारलं, मग सैनिकांनी गोळ्या चालवल्या आणि २४ मजूर मेले. त्यांना एकत्र पुरलं ती जागा आजवर सापडलेली नाही. तिथे वाटाड्या घ्याच. नुसतं गंजलेलं लोखंड बघून परत येऊ नका.

संध्याकाळी संगमावर होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात. वेळ असेल तर जा.

नदी: आचोनीपासून वर

आता ज्यासाठी आलात तो भाग. यासाठी चार रात्री तरी हव्यात, पाच मिळाल्या तर उत्तम.

पारामारिबोत सारामाकास्ट्राट नावाचा गजबजलेला रस्ता आहे. सुरिनाम नदीच्या वरच्या भागात आचोनी हा धक्का आहे, तिकडे जाणाऱ्या बस तिथून सकाळी सुटतात. वेळापत्रक असं नाही, भरली की निघते, म्हणून आठच्या आत पोहोचा. प्रवास तीन-चार तासांचा. वाटेत उजाड लाल माती, मग दाट झाडी, आणि एका टप्प्यावर ब्रोकोपोंडो जलाशयाच्या पाट्या दिसू लागतात. अफोबाका धरणामुळे १९६४ मध्ये हा जलाशय भरायला सुरुवात झाली. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी होती. सारामाका या मरून जमातीची कितीतरी गावं पाण्याखाली गेली आणि हजारो माणसांना उठावं लागलं. बुडालेल्या झाडांचे शेंडे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात. कोयनेच्या किंवा उजनीच्या काठचा वाचक असेल तर त्याला वेगळं सांगायला नको.

आचोनीला डांबरी रस्ता संपतो. धक्क्यावर पेट्रोलचे ड्रम, तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, गोठवलेल्या कोंबड्यांचे खोके, शाळेतून घरी निघालेली पोरं. इथे दोन प्रकारच्या होड्या मिळतात. एक प्रवासी होडी, जी गावागावाला थांबत जाते, माणशी भाडं घेते आणि शहरातल्या बस आल्या की सुटते. दुसरी तुमच्यापुरती भाड्यानं घेतलेली, जिच्यात तुम्ही मुख्यतः इंधनाचे पैसे मोजता, आणि ते खूप होतात. एकटे-दुकटे असाल तर प्रवासी होडीच घ्या. ज्या लॉजवर उतरणार त्यांना आदल्या दिवशी फोन करून कोणत्या होडीवाल्याला भेटायचं ते विचारून ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, बाकी कुणी घातलेलं नसलं तरी.

होडी लाकडी, लांब, इतकी अरुंद की एका फळीवर जेमतेम दोघं. मागे इंजिनवाला, नाकावर काठी घेऊन दुसरा. तासाभरात पहिली सुला येते. सुला म्हणजे खडकांतून उसळणारं पाणी. इंजिनवाला वेग कमी करतो, नाकावरचा माणूस उभा राहतो आणि पाण्याकडे बघत फक्त हात हलवतो: तळवा डावीकडे, तळवा उजवीकडे, मूठ. एक शब्द नाही. तळाला खडक घासल्याचा आवाज पायांच्या तळव्यांना कळतो, होडी थरथरते, इंजिन पाण्याबाहेर उचललं जातं, काठी वाकते, आणि पुढच्या क्षणी आपण वरच्या संथ पाण्यात असतो. माझ्या शेजारच्या बाई या सगळ्यात मांडीवरच्या बाळाला बाटलीनं दूध पाजत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. उघाडीच्या शेवटी पाणी कमी असलं की प्रवाशांना उतरवतात. काळा खडक तापलेला असतो, पट्ट्याच्या चपला तेव्हा आठवतात.

कोणतं गाव निवडायचं? पहिल्यांदा जाणाऱ्याला मी पिकिन स्ले किंवा बोटोपासीच्या परिसरात राहायला सांगेन. पिकिन स्लेत गावकऱ्यांनी स्वतः उभं केलेलं सारामाका संग्रहालय आहे, कोरीव लाकूडकाम बघण्यासारखं. अगदी खालच्या गावांत शनिवार-रविवारी शहरातल्या सहली येतात. खूप वर गेलात तर होडीतच दिवस जातात. लॉज साध्या असतात, गावातलीच माणसं चालवतात. भात, मासा, कसाव्याची (साबुदाण्याच्या कंदाची) भाकरी. वीज बऱ्याच ठिकाणी जनरेटरची, संध्याकाळचे काही तास. मोबाइलला मधून मधून रेंज येते. टेलेसुर किंवा डिजिसेलचं सिमकार्ड शहरातच घेऊन ठेवा. पिण्याचं पाणी सोबत न्या किंवा उकळलेलं मागा.

आंघोळ नदीत. कुठे उतरायचं ते विचारा, गावात त्यासाठी ठरलेल्या जागा असतात. पिराना आहेत का, हा प्रश्न सगळेच विचारतात. आहेत. पण ज्या जागी गावातली पोरं दिवसभर डुंबतात तिथे तुम्हीही डुंबा, आणि जिथे बायका मासे साफ करत असतील तिथून लांब राहा.

गावात वागताना

सारामाका हे मळ्यांवरून पळालेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज. जंगलात राहून ते डचांशी लढले आणि १७६२ साली डचांना त्यांच्याशी तह करावा लागला, म्हणजे गुलामगिरी संपण्याच्या शंभर वर्षं आधी हे लोक स्वतंत्र होते. त्यांच्या जमिनीवर लाकूडतोड आणि खाणींचे परवाने वाटले गेले तेव्हा ते आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २००७ मध्ये जिंकले. आपण एका स्वाभिमानी समाजाच्या दारात पाहुणे म्हणून उतरतोय, हे लक्षात ठेवून वागा.

गावाच्या तोंडाशी वाळलेल्या पामच्या पात्यांचं तोरण बांधलेलं असतं. त्याच्याखालून वाकून जायचं. ते वाईट शक्ती अडवतं अशी श्रद्धा आहे. त्याला हात लावू नका. काही गावांत पाळी चालू असलेल्या बायकांसाठी वेगळी वाट आणि वेगळे नियम आहेत. तुम्हाला पटो न पटो, लॉजवरच्या बाईंना आधी विचारून घ्या, त्या सरळ सांगतात. गावप्रमुखाला कॅप्टन म्हणतात. लांबचा मुक्काम असेल तर त्याला भेटून नमस्कार करणं रीतीचं. देवघरं आणि पूजेच्या जागा यांचे फोटो काढायचे नाहीत. माणसांचे विचारल्याशिवाय नाहीत, आणि मुलांचे आई-बापांना विचारल्याशिवाय नाहीत. बायका कमरेला पांगी नावाचं रंगीत कापड गुंडाळतात. एक विकत घ्या, नदीवर जाता-येता तेच उपयोगी पडतं.

चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर शाळेत शिक्षकाकडे वह्या द्या.

मग तिथे काय करायचं? सकाळी वाटाड्याबरोबर जंगलात दोन-तीन तास. दुपारी हॅमॉक. एखाद्या दिवशी बाईंबरोबर त्यांच्या कसाव्याच्या शेतावर जा. कडू कसावा किसून, लांब वेताच्या नळीत भरून पिळून त्यातलं विष काढतात आणि मग मोठ्या तव्यावर भाकरी भाजतात, हे सगळं बघायला मिळतं. रात्री होडीतून टॉर्च मारत केमन, म्हणजे तिथली मगर, बघायला जातात. दोन दिवस काहीच ठरवू नका. मला सगळ्यात जास्त आठवतं ते पहाटेचं धुकं आणि पलीकडच्या काठावरून येणारी हाऊलर माकडांची आरोळी, जी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वादळच आलं असं वाटलं होतं.

दिवस उरले तर

ब्राउन्सबर्ख हे पठार पारामारिबोहून १३० किलोमीटरवर, उंची सुमारे ५०० मीटर. वरून ब्रोकोपोंडोचा जलाशय दिसतो, धबधब्यांच्या वाटा आहेत. चढणीचा रस्ता चिखलाचा, म्हणून फोर-व्हीलवाल्यांबरोबरच जा. एक मुक्काम पुरे. नदीवरून परतताना वाटेत जोडता येतं.

गालीबी पूर्वेला, मारोवाइने नदीच्या मुखाशी, कालिन्या आदिवासींचं गाव. अल्बिनापर्यंत रस्ता, पुढे होडी. फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात रात्री कासवं येतात, त्यांत लेदरबॅकही. पांढरा दिवा आणि फ्लॅश अजिबात नको.

पक्ष्यांचे वेडे असाल तर गालीबीऐवजी पश्चिमेला निकेरीजवळच्या बिगी पानला जा. उथळ खाजण, खांबांवरच्या लॉज आणि लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे.

सीमा ओलांडायचा मोह होतो, कारण अल्बिनासमोर नदीपलीकडे फ्रेंच गयाना दिसतं. नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, वेगळा लागतो. गयानाला जाणारी फेरी निकेरीच्या पुढे साउथ ड्रेनहून सकाळी सुटते. तिकडचाही व्हिसा आधी बघून ठेवा.

परतीचं गणित

नदीवरून उतरायचा दिवस आणि विमानाचा दिवस यांत पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. होडी सकाळी सातला येईल म्हणतात आणि नऊला येते, पाऊस पडला तर त्याहून उशिरा. आचोनीची बस भरल्याशिवाय हलत नाही. तो मोकळा दिवस वाया जात नाही. मध्यवर्ती बाजारात कसाव्याची भाकरी आणि मसाले घेता येतात, कपडे वाळवता येतात, आणि निघण्याआधी पुन्हा एकदा रोटी खाता येते.

सामान बांधताना पिवळं पुस्तक मोठ्या सॅकमध्ये टाकू नका. ते पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत हवं. मुंबईला उतरल्यावर, इमिग्रेशनच्याही आधी, आरोग्य विभागाचं टेबल लागतं आणि तिथे पहिल्यांदा तेच मागतात.